तेल शीतक, वांकेल एंजिनाच्या विमानातील

तेल शीतक, वांकेल एंजिनाच्या विमानातील : एंजिनातून फिरून तापलेल्या वंगण तेलातील उष्णता काढून घेऊन ती हवेला किंवा पाण्याला देणारे साधन म्हणजे तेल शीतक होय. वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात ते ऑइल कूलर या नावाने परिचित आहे. नेहमीच्या मोटारगाडीत त्याला दुय्यम स्थान असते व पुष्कळ गाड्यांत ते नसतेही. हौशी बांधकाऱ्याने स्वतः बांधलेल्या विमानात वांकेल एंजिन बसविले असेल, तर मात्र तेल शीतक हा एंजिनाच्या शीतन व्यवस्थेचा अविभाज्य भाग ठरतो. त्याची निवड चुकल्यास एंजिन कितीही उत्तम असले, तरी विमान सुरक्षितपणे चढू शकत नाही. ही निवड आकार पाहून वा केवळ किंमत पाहून करता येत नाही. ती उष्णतेच्या हिशोबाने व विमानाच्या सर्वांत कठीण क्षणाचा विचार करून करावी लागते. त्या हिशोबाची तत्त्वे येथे दिली असून उदाहरणासाठी कोल्हापूरची हवा व उंची घेतली आहे.

‘रोटरी’ एंजिनाचे दोन अर्थ : विमानविद्येत रोटरी हे नाव दोन सर्वस्वी भिन्न एंजिनांना दिले जाते. फ्रान्समधील सेगँ बंधूंनी १९०८ च्या सुमारास तयार केलेल्या नोम एंजिनात भुजादंड स्थिर असे व सर्व सिलिंडर पंख्यासह त्याच्याभोवती फिरत. पहिल्या महायुद्धातील अनेक लढाऊ विमानांना अशी एंजिने होती. त्यांत वंगण म्हणून एरंडेल वापरीत. एकदा एंजिनात गेलेले तेल परत न येता धुराड्यावाटे बाहेर फेकले जाई. तेलाचे अभिसरणच नसल्याने तेल शीतकाचा प्रश्नही नव्हता.

दुसरा प्रकार वांकेल एंजिनाचा. फेलिक्स वांकेल (१९०२–८८) या जर्मन अभियंत्याच्या कल्पनेवर आधारलेले पहिले एंजिन एन.एस.यू. या कंपनीत १९५७ मध्ये चालले. यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या नसतो. कमरेशी किंचित आवळलेल्या लंबवर्तुळासारख्या कवचात तीन कोपऱ्यांचा घूर्णक फिरतो व त्याच्या तीन बाजूंवर क्रमाने चोषण, संपीडन, ज्वलन व निष्कास या क्रिया घडतात. घूर्णकाचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या विकेंद्री दंडाचे तीन फेरे होतात. जपानमधील माझदा कंपनीने १९६७ पासून या एंजिनाच्या मोटारगाड्या विक्रीस आणल्या. तिचे १३बी हे दोन घूर्णकांचे एंजिन (प्रत्येकी ६५४ घ. सेंमी., एकूण १,३०८ घ. सेंमी.) परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील, हौशी विमान बांधकाऱ्यांनी बरेच वापरले आहे. आकार लहान, हलणारे भाग थोडे व कंपन कमी हे त्याचे गुण होत. त्याच्या दंडाचे मिनिटाला ५,५०० ते ६,५०० फेरे होत असल्याने पंख्यासाठी ते दोन ते तीन पटींनी कमी करणारी दंतचक्रांची पेटी लागते. प्रस्तुत लेखात यापुढे केवळ वांकेल एंजिनाचाच विचार केला आहे.

महाराष्ट्राशी संबंध : भारतात बनलेल्या पहिल्या वांकेल विमान एंजिनाच्या विकासात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन आणि विकास संस्था सहभागी होती. या संस्थेने बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेसह व वैमानिकी विकास संस्थेसह तयार केलेले ५५ अश्वशक्तीचे, सु. ३० किग्रॅ. वजनाचे एंजिन ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानावर बसवून एप्रिल २००९ मध्ये त्याचे पहिले उड्डाण घेण्यात आले. या वर्गातील काही लहान एंजिनांत घूर्णक तेलाऐवजी आत घेतलेल्या हवेने थंड केला जातो. म्हणून त्यांचा हिशोब माझदाच्या प्रकाराहून वेगळा असतो. घरी बांधलेल्या विमानांबाबतही महाराष्ट्रात उदाहरण आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवण्यात आले व २०१७ मध्ये त्याची नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली. ते वांकेल एंजिनाचे विमान नव्हे. तथापि कारखान्याबाहेर विमान बांधणाऱ्याला प्रत्येक उपांगाची निवड स्वतःच करावी लागते, ही गोष्ट त्याही प्रकल्पाला लागू होती.

वांकेल एंजिनात तेलाचे कार्य : दट्ट्याच्या एंजिनात दट्ट्याला मिळालेली उष्णता कड्यांमधून व दट्ट्याच्या अंगातून सिलिंडरच्या भिंतीला आणि तेथून पाण्याला किंवा हवेला जाते. तेलाचा त्यातील वाटा मर्यादित असतो. वांकेल एंजिनातील घूर्णक कवचाला केवळ कोपऱ्यांवरील व बाजूंवरील अरुंद सीलांच्या रेषांवर टेकतो. या वाटेने फारच थोडी उष्णता बाहेर पडू शकते. म्हणून घूर्णक पोकळ ठेवून विकेंद्री दंडातील बारीक छिद्रांतून त्याच्या आत तेलाचे फवारे मारतात. तेल घूर्णकाच्या आतील भिंतींवर आपटते, उष्णता घेते व पुन्हा तेलपेटीत पडते. अशा प्रकारे येथील तेल वंगणही आहे आणि शीतन द्रवही आहे. पाणी व तेल मिळून जेवढी उष्णता बाहेर नेतात, तिचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग तेलाच्या वाट्याला येतो.

तेल प्रमाणाबाहेर तापल्यास तीन प्रकारचे नुकसान होते. पहिले म्हणजे तेलाची श्यानता (दाटपणा) झपाट्याने घटते. गुऱ्हाळातील काकवी तापलेली असताना पातळ व निवल्यावर घट्ट होते, हे कोल्हापूरकडील वाचकांच्या परिचयाचे आहे. तेलाचेही तसेच होते. २० डब्ल्यू ५० या प्रतीच्या तेलाची श्यानता ४०° से. ला सु. १६० सेंटिस्टोक असते, ती १००° से. ला सु. १८ वर येते व त्यापुढेही उतरत राहते. पातळ तेलाचा थर धारव्यांतील भार पेलू शकत नाही. दुसरे म्हणजे घूर्णकाच्या बाजूंवरील तेलरोधक कड्यांमागे असलेली रबरी वलये उष्णतेने कडक होतात, तेल ज्वलनकक्षात गळू लागते व एंजिन धूर ओकू लागते. तिसरे म्हणजे घूर्णक स्वतःच अधिक प्रसरण पावतो व कवच आणि घूर्णक यांमधील ठरवून दिलेली फट कमी होते. म्हणून एंजिनात शिरणारे तेल साधारणपणे ८०° ते ९५° से. या मर्यादेत असावे. ते फार थंड असणेही इष्ट नाही. तेल पुरेसे तापले नाही, तर ज्वलनातून त्यात आलेले पाणी वाफ होऊन निघून जात नाही.

उष्णतेचा हिशोब : सु. १६० अश्वशक्तीचे, म्हणजे सु. १२० किवॉ. शक्तीचे एंजिन घेऊ. वांकेल एंजिनाला दर किवॉ.–तासास सु. ०·३३ किग्रॅ. पेट्रोल लागते असे धरल्यास पूर्ण शक्तीवर ताशी सु. ४० किग्रॅ. पेट्रोल जळेल. एक किग्रॅ. पेट्रोलपासून सु. ४३ ते ४४ मेगॅजूल उष्णता मिळत असल्याने एकंदर उष्णता सु. ४८० किवॉ. होते. यांपैकी १२० किवॉ. पंख्याला मिळतात, जवळजवळ २४० किवॉ. धुराड्यावाटे व एंजिनाच्या पृष्ठभागावरून जातात आणि उरलेले सु. १२० किवॉ. पाणी व तेल यांना वाहून न्यावे लागतात. तेलाचा एकतृतीयांश हिस्सा म्हणजे सु. ४० किवॉ. होय. दंतचक्रांच्या पेटीला एंजिनाचेच तेल पुरविले असेल, तर तिच्या घर्षणाचे एक–दोन किवॉ. यात मिळवावे लागतात.

पंप मिनिटाला ४० लि. तेल फिरवितो असे मानू. तेलाची घनता लिटरला सु. ०·८५ किग्रॅ. व विशिष्ट उष्णता दर किग्रॅ. व अंश से. ला सु. २·१ किलोजूल असते. या आकड्यांवरून ४० किवॉ. उष्णता काढण्यासाठी शीतकात तेलाचे तापमान सु. ३३° से. ने उतरले पाहिजे. म्हणजे एंजिनात शिरणारे तेल ८५° से. ला हवे असेल, तर शीतकात येणारे तेल सु. ११८° से. असेल. यावरून तापमापक कोठे बसविला आहे याला किती महत्त्व आहे ते दिसते. शीतकापूर्वीचे व शीतकानंतरचे तापमान यांत एवढा फरक असल्याने एका जागेच्या मापनावर दुसऱ्या जागेची मर्यादा लावणे धोक्याचे ठरते.

कोल्हापूरची परिस्थिती : शेतातील डीझेल एंजिन–पंपाला थंड ठेवणे सोपे असते, कारण पंपाने उपसलेल्या पाण्यापैकीच काही पाणी एंजिनाच्या कवचातून फिरवून सोडता येते. विमानाजवळ हवेखेरीज दुसरे काही नसते. म्हणून हवेची स्थिती प्रथम पाहावी लागते. कोल्हापूरचा उजळाईवाडी येथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहे. उन्हाळ्यातील कडक दुपारी हवेचे तापमान ४०° से. धरल्यास तेथे एक घ. मी. हवेचे वस्तुमान सु. १·०५ किग्रॅ. भरते. समुद्रसपाटीवर १५° से. ला हेच १·२२५ किग्रॅ. असते. म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या हवेत सु. १४ टक्के वस्तुमान कमी मिळते. शिवाय तेल व हवा यांच्या तापमानांतील फरकही घटतो. हिवाळ्यातील १५° से. च्या सकाळी ११८° से. चे तेल व हवा यांत १०३ अंशांचा फरक असतो. उन्हाळ्यातील दुपारी तो ७८ अंशांवर येतो. विरळ हवेत एंजिनाची शक्तीही काहीशी घटते. परंतु निवडीच्या हिशोबात ती सवलत धरू नये.

सर्वांत कठीण क्षण कोणता, हे आता ठरविता येते. समतल वेगवान उड्डाणात हवा भरपूर मिळते व शक्तीही पूर्ण वापरलेली नसते. धावपट्टी सोडल्यानंतरच्या चढाईत मात्र शक्ती पूर्ण असते, वेग कमी असतो आणि हवा जमिनीलगतची, म्हणजे सर्वांत तापलेली असते. याच वेळी खाली उतरण्यास जागाही थोडी असते. कोल्हापूरच्या परिसरात उभ्या उसाची शेते व पश्चिमेकडे डोंगर आहेत. चढाईत एंजिन बंद पडले, तर वैमानिकापुढे फारसे पर्याय उरत नाहीत. म्हणून तेल शीतकाची निवड उन्हाळ्यातील दुपारच्या चढाईसाठी करावी, हा या विषयातील मुख्य नियम होय. समतल उड्डाणातील आकड्यांवर बेतलेला शीतक चढाईत तोकडा पडतो. तो पाव हिश्शाने कमी पडला, म्हणजे १० किवॉ. उष्णता आत साठू लागली, तर पाच लिटर तेलाचाच विचार केल्यास तापमान दर सेकंदाला सु. १° से. ने वाढेल. एंजिनाच्या धातूचे वस्तुमान या वाढीला बरेच मंद करते. तरीही काही मिनिटांच्या चढाईत मर्यादा ओलांडली जाते.

हवेची गरज : शीतकातून जाताना हवा ४०° से. वरून ८०° से. पर्यंत तापते असे धरल्यास ४० किवॉ. नेण्यासाठी दर सेकंदाला सु. १ किग्रॅ., म्हणजे कोल्हापूरच्या उन्हाळी स्थितीत सु. ०·९५ घ. मी. हवा लागते. चढाईचा वेग ताशी १६५ किमी. (सेकंदाला ४६ मी.) असेल, तर ही हवा समोरून सु. २०० चौ. सेंमी. क्षेत्रातून मिळते. त्या वेगाला हवेचा गतिक दाब सु. १,१०० पास्काल, म्हणजे सु. ११ सेंमी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. शीतकातून हवा ढकलण्यासाठी चढाईत एवढेच भांडवल हाती असते. ताशी सु. २९० किमी. वेगाच्या समतल उड्डाणात तो तिपटीने वाढून सु. ३४ सेंमी. होतो. चढाई व समतल उड्डाण यांतील अंतर या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते.

शीतकाचे प्रकार : (१) नळ्या व पंखिका असलेला. तेल चपट्या नळ्यांतून वाहते व नळ्यांवर पातळ पत्र्याच्या पंखिका बसविलेल्या असतात. (२) थरांचा. अॅल्युमिनियमच्या पातळ पट्टिकांच्या जोड्या एकावर एक रचून भट्टीत ब्रेझिंगने जोडतात. तेल व हवा यांच्या वाटा एकाआड एक येतात. विमानांच्या व शर्यतीच्या गाड्यांच्या शीतकांत हा प्रकार रूढ आहे. (३) पाण्याने थंड होणारा. यात तेलाची उष्णता प्रथम एंजिनाच्या पाण्याला व नंतर रेडिएटरद्वारे हवेला दिली जाते.

मोटारीचा पाण्याचा रेडिएटर तेलासाठी वापरता येईल काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर नकारार्थी आहे व त्याची कारणे दोन आहेत. तेलाची उष्णता संवाहकता पाण्याच्या सु. पाचव्या हिश्शाइतकी असते व दाटपणामुळे ते नळीतून संथ थरांनी वाहते. भिंतीलगतचा थर थंड होतो, परंतु मधले तेल गरमच राहते. यासाठी तेल शीतकाच्या नळ्यांत तेलाला सतत घुसळणारे नागमोडी पत्रे बसवितात. पाण्याच्या रेडिएटरात ते नसतात. दुसरे कारण दाबाचे. पाण्याच्या व्यवस्थेत दर चौ. सेंमी. ला सु. १ किग्रॅ. दाब असतो. तेलाचा दाब एंजिन गरम असताना सु. ५ किग्रॅ. असतो व थंड, घट्ट तेलावर तो याच्या दुपटीहून अधिक होऊ शकतो.

पाण्याने थंड होणाऱ्या प्रकारात हवेची एकच वाट बांधावी लागते व थंडीत तेल लवकर तापते. तथापि पाण्याच्या रेडिएटरवर ८० ऐवजी १२० किवॉ. चा भार येतो, तेल कधीही पाण्यापेक्षा थंड होऊ शकत नाही आणि आतील भिंत फुटल्यास तेल व पाणी एकमेकांत मिसळून दोन्ही व्यवस्था एकाच वेळी निकामी होतात. माझदाच्या १९८६ नंतरच्या आरएक्स–७ गाडीतील हवेने थंड होणारा अॅल्युमिनियमचा शीतक याच एंजिनासाठी बनविलेला असल्याने बांधकाऱ्यांत तो प्रिय ठरला. त्यात थंड तेलाला गाभा टाळून जाऊ देणारी झडपही अंगचीच आहे.

हवेची वाट : उत्तम शीतक निकृष्ट वाटेत बसविल्यास लहान पण नीट बसविलेल्या शीतकाहूनही वाईट काम करतो. शीतकाचा गाभा, हवा आत आणणारी वाट व हवा बाहेर नेणारी वाट ही तिन्ही मिळून एक साधन आहे, असे समजूनच निवड करावी. गाभ्याचे समोरील क्षेत्र ७०० चौ. सेंमी. (उदा., ३५ × २० सेंमी.) घेतले, तर वरील हवा त्यातून सेकंदाला सु. १३·५ मी. वेगाने जाते. या वेगाला नेहमीच्या गाभ्यातील दाबऱ्हास पाण्याच्या सहा ते आठ सेंमी. पर्यंत असतो व तो उपलब्ध ११ सेंमी. मध्ये बसतो. गाभ्याचे क्षेत्र निम्मे केले, तर वेग दुप्पट होऊन दाबऱ्हास जवळजवळ चौपट होईल व तेवढा दाब चढाईत मिळणारच नाही. जाडी वाढवून ही उणीव भरून निघत नाही. जाड गाभ्याच्या मागील थरांना आधीच तापलेली हवा मिळते.

सु. २०० चौ. सेंमी. च्या तोंडातून आलेली हवा ७०० चौ. सेंमी. पर्यंत पसरवून तिचा वेग दाबात रूपांतरित करावा लागतो. सरळ भिंतींची वाट प्रत्येक बाजूस सु. ७° हून अधिक वेगाने रुंदावल्यास हवा भिंत सोडून भोवरे करते. ७° चा नियम पाळल्यास वरील मापांच्या वाटेला सु. ५७ सेंमी. लांबी लागेल. एवढी जागा छोट्या विमानाच्या नाकात सहसा नसते. म्हणून गाभा तिरपा ठेवून पाचरीसारखी निमुळती होत जाणारी वाट करतात किंवा क्यूखेमान व वेबर यांनी १९५३ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीप्रमाणे, आधी जवळजवळ समांतर व गाभ्याजवळ एकदम घंटेसारखी उघडणारी वाट करतात. गाभा व वाट यांच्यातील प्रत्येक फट बंद केली पाहिजे. हवा नेहमी सोपा मार्ग शोधते. फटींतून निसटलेली हवा शीतनास उपयोगी पडत नाही, मात्र विमानाची ओढ वाढविते.

हवा बाहेर पडण्याचे तोंड विमानाच्या ज्या भागावर दाब कमी असतो तेथे असावे. त्याला कमीजास्त उघडणारी झडप बसविणे फायद्याचे असते. तोंड कायम पूर्ण उघडे ठेवल्यास वरील उदाहरणात समतल उड्डाणात सेकंदाला सु. १·६५ घ. मी. हवा शिरेल. तिचा सर्व गतिक दाब वाया गेला असे मानल्यास सु. ५·५ किवॉ., म्हणजे सात अश्वशक्तींहून अधिक शक्ती खर्च होते. त्या वेळी ६५ टक्के शक्ती वापरात असेल, तर प्रत्यक्षात सु. ०·६ घ. मी. हवा पुरते व तिचा खर्च सु. २ किवॉ. येतो. एफ. डब्ल्यू. मेरेडिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये असे दाखविले की, वाट योग्य आकाराची असेल, तर तापून प्रसरण पावलेली हवा मागे झोतासारखी बाहेर पडून ओढीची काही भरपाई करते. हौशी बांधकामात या लाभाची फार अपेक्षा धरू नये. परंतु निर्गमाची वाट गुळगुळीत व क्रमाने अरुंद होत जाणारी ठेवण्यास काहीच वेगळा खर्च येत नाही.

तेलाची वाट : मिनिटाला ४० लि. तेल १४ मिमी. आतील व्यासाच्या नळीतून सेकंदाला सु. ४·३ मी. वेगाने जाते. व्यास १० मिमी. घेतल्यास वेग ८·५ मी. होतो व दाबऱ्हास चौपट ते पाचपट वाढतो. म्हणून जोडनळ्या, कोपरे व शीतकाची तोंडे यांपैकी काहीही १४ मिमी. हून अरुंद नसावे.

थंड सकाळी गाभ्यातील तेल इतके दाट असते की, ते पुढे सरकत नाही व पंपाचा दाब गाभ्यावर येतो. यासाठी तेलाला गाभा टाळून जाऊ देणारी थर्मोस्टॅटची झडप आवश्यक असते. अतिथंड हवेत गाभ्याच्या कडांचे तेल थिजते व गरम तेल मोजक्याच वाटांनी निघून जाते. अशा वेळी हवा कमी केल्यावर तेलाचे तापमान वाढण्याऐवजी उतरते, ही बाब वैमानिकाने लक्षात ठेवावी. दोन शीतक समांतर जोडल्यास हाच दोष अधिक जाणवतो. अधिक गरम शीतकातील तेल पातळ असल्याने बहुतेक प्रवाह तिकडे जातो व दुसरा शीतक जवळजवळ बंद पडतो. जागेअभावी दोन शीतक घ्यावेच लागले, तर दाबऱ्हास परवडत असल्यास ते एकापुढे एक जोडणे बरे.

फुटण्याचा धोका सर्वांत गंभीर होय. पाच लिटरची तेलपेटी व मिनिटाला ४० लिटरचा पंप असेल, तर तुटलेल्या नळीतून सर्व तेल आठ सेकंदांच्या आत बाहेर पडू शकते. हे तेल तापलेल्या धुराड्यावर पडल्यास आगही लागते. म्हणून नळ्या तापरोधक वेष्टणाच्या असाव्यात, धुराड्यापासून दूर न्याव्यात आणि शीतक एंजिनाला घट्ट न जोडता कंपन शोषणाऱ्या रबरी आधारांवर बसवावा. गाभ्याच्या कोपऱ्यावर नळीचे वजन येऊ देऊ नये. तेलाची दोन्ही तोंडे वर ठेवल्यास आतील हवा निघून जाते व एंजिन बंद असताना गाभा रिकामा होत नाही.

स्थानिक कारागिरी व तिची मर्यादा : कोल्हापुरातील शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी वसविली. पुढे शहरात, विशेषतः शिवाजी उद्यमनगरात, ओतशाळा व यंत्रशाळा वाढल्या आणि तेल एंजिनांच्या सुट्या भागांसाठी कोल्हापूर प्रसिद्ध झाले. अशा गावी बांधकाऱ्याला पत्राकाम, अॅल्युमिनियमचे वेल्डिंग, आटे पाडणे व दाबाची चाचणी ही कामे सहज करून मिळतात. हवेची वाट, निर्गमाची झडप, आधार व जोडतोंडे येथेच बनवावीत. गाभा मात्र तयारच घ्यावा. त्याच्या शेकडो सांध्यांचे ब्रेझिंग नियंत्रित भट्टीतच विश्वासार्ह होते. एखादा सांधा वरून झाळून गळती थांबली, तरी लगतचे सांधे त्याच उष्णतेने कमजोर होतात.

भंगारातील शीतक स्वस्त मिळतो. परंतु ज्या एंजिनाचे धारवे झिजून किंवा सील तुटून ते निकामी झाले, त्याचा शीतक कधीही घेऊ नये. तेलाला घुसळणाऱ्या पत्र्यांमध्ये धातूचे कण अडकतात व कितीही धुतले, तरी ते पूर्णपणे निघत नाहीत. नव्या एंजिनात तेच कण काही तासांत धारव्यांपर्यंत पोहोचतात. कोणताही शीतक बसविण्यापूर्वी कामकाजी दाबाच्या किमान दुप्पट दाबाने तपासावा. ही चाचणी तेलाने किंवा पाण्याने घ्यावी, हवेने घेऊ नये. दाबलेल्या हवेने फुटलेला गाभा जवळच्या माणसास इजा करतो.

निवडीचा क्रम व चाचणी : प्रथम एंजिनाच्या पूर्ण शक्तीवरून तेलाची उष्णता काढावी. नंतर आपल्या गावच्या सर्वांत उष्ण दिवसाची हवा व विमानाचा चढाईचा वेग घेऊन हवेची गरज व उपलब्ध दाब ठरवावा. त्या दाबात बसणारे गाभ्याचे क्षेत्र निवडावे व त्यावर १५ ते २० टक्के राखीव ठेवावी. मग तेलाच्या बाजूचा दाबऱ्हास, तोंडांचा व्यास व दाब सोसण्याची क्षमता पाहावी. वजन व किंमत यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम उलटा केल्यास, म्हणजे हाती आलेल्या शीतकाभोवती विमान बेतल्यास, पुढील प्रत्येक दुरुस्ती हवेचे तोंड मोठे करण्यातच संपते व विमानाचा वेग घटत जातो.

हिशोबाची खातरजमा साध्या उपकरणाने करता येते. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरावे; तिचे एक टोक बाहेरील स्थिर दाबाला व दुसरे आळीपाळीने गाभ्याच्या पुढील व मागील बाजूस जोडावे. चढाईच्या वेगाला गाभ्यापुढे सु. ९ सेंमी. पाण्याएवढा दाब मिळून मागे तो २ सेंमी. हून कमी असेल, तर वाट चांगली आहे. पुढे दाब कमी असेल, तर दोष तोंडात वा फटींत असतो. मागे जास्त असेल, तर निर्गम कोंडलेला असतो. तेल गरम होते म्हणून मोठा शीतक आणण्यापूर्वी ही परीक्षा घ्यावी, कारण पुष्कळदा दोष शीतकात नसून त्याच्या वाटेत असतो.

पहिली उड्डाणे थंड सकाळी घ्यावीत व चढाई टप्प्याटप्प्याने करावी. प्रत्येक चढाईच्या अखेरीस शीतकाच्या दोन्ही बाजूंचे तेलाचे तापमान व बाहेरील हवेचे तापमान नोंदवावे. बाहेरील हवा जितक्या अंशांनी अधिक तापेल, जवळजवळ तितक्याच अंशांनी तेलही अधिक तापते. म्हणून २०° से. च्या सकाळी चढाईअखेर एंजिनात जाणारे तेल ८०° से. असेल, तर ४०° से. च्या दुपारी ते सु. १००° से. होईल, असा अंदाज आधीच करता येतो. ते मर्यादेबाहेर असल्याने अशा विमानाने दुपारी उड्डाण करू नये. धूळ, कीटक व उसाचे पाचट जाळल्यावर उडणारी राख पंखिकांमध्ये साचून क्षमता हळूहळू घटते. यासाठी उन्हाळा सुरू होण्यापूर्वी व सुगीनंतर गाभा मागील बाजूने पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा, सांधे व आधार तपासावेत आणि तापमानांची नोंद मागील वर्षाच्या नोंदीशी ताडून पाहावी.